पाणी मुरलं तिथला नारळ

मी क्षमाशील बाई नाही. कुणी पायावर पाय दिला तर 'असू दे, असू दे' म्हणणाऱ्यांतली तर मुळीच नाही. विम्याच्या ऑफिसात नुकसानभरपाईचे दावे तपासत इतकी वर्षं घालवली, की समोरचा माणूस खरं बोलतोय असं धरून चालायची सवयच मोडली. त्यामुळे आमच्या आईला भर मीटिंगमध्ये पाणीचोर म्हटलं गेलं, तेव्हा मी रडले नाही की भांडले नाही. मनाशी एकच ठरवलं. ज्या तोंडातून हा शब्द बाहेर आला, त्याच तोंडाने तो गिळायला लावायचा, आणि तोही तेवढ्याच माणसांसमोर.

दहिसरला आमची चाळ होती, तिथे आता दोन इमारती आहेत. मागची बुटकी आम्हा चाळकऱ्यांची, पुढचा उंच टॉवर फ्लॅट विकत घेणाऱ्यांचा. मधोमध स्विमिंग पूल, तो टॉवरवाल्यांचा. आम्ही तो खिडकीतून बघायचा. बघायला बंदी नव्हती. पाणी मात्र दोघांचं एक. जमिनीखालच्या एकाच टाकीतून दोन्ही इमारतींना पाणी चढतं, आणि त्याच टाकीतून तो स्विमिंग पूलही भरला जातो. म्हणून पाण्याची मीटिंग असली की आम्हालाही बोलावणं येतं. एरवी नाही.

आमची इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची एक चिंचोळी पट्टी आहे. बिल्डरने तिथे काही लावलं नाही, कारण तिथे ऊन धड येत नाही. आईने तिथे अळू लावलं. ती मालवणकडची, बाबांच्या गिरणीच्या नोकरीपायी मुंबईत आलेली. मोकळी ओली जमीन दिसली की तिचे हात शिवशिवतात. अळू असं माजलं की पानं सुपाएवढी झाली. अळूवड्या दोन्ही इमारतींत जायच्या. टॉवरच्या अध्यक्षांकडेसुद्धा डबा जायचा, आणि रिकामा डबा धुऊन परत यायचा. रिकामा डबा परत करू नये एवढंही त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण आईने ते कधी बोलून दाखवलं नाही. मी लक्षात ठेवलं होतं.

पावसाळा संपला, दिवाळी झाली आणि पाणी कमी पडायला लागलं. स्विमिंग पूलची पातळी रोज उतरायची, रोज सकाळी तो टाकीतून भरावा लागायचा, आणि आमचे नळ भर सकाळी पाण्याऐवजी नुसते खाकरायचे. टॉवरवाले वैतागले, आमचे लोक त्याहून वैतागले. मीटिंग बोलावली. अध्यक्ष माइक घेऊन उभे राहिले. माणूस मूळचा देवगडकडचा, पण ते आडनावावरून ओळखायचं, बोलण्यावरून नाही.

"बघा, लॉजिक सिंपल आहे," ते म्हणाले. "पाणी दिवसा उतरतं. रात्री लेव्हल आहे तिथेच राहते. म्हणजे हे काम रात्री झोपणाऱ्या माणसाचं आहे. कुठंतरी पाणी मुरतंय."

लोक हसले. मग त्यांनी मोबाइलमधला फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला. आईचं अळू. सगळीकडचं गवत वाळून पिवळं पडलेलं आणि ही एकच पट्टी हिरवीगार. अळवाच्या बाजूला हिरव्या पाइपचा एक तुकडा जमिनीत खोचलेला. तो तिने दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून लावला होता, हातभर लांबीचा, दोन्हीकडून उघडा. त्यातून पाणी न्यायचं तर ते तोंडाने फुंकून न्यावं लागलं असतं.

आई उभी राहिली. "अरे बाबा, थंयची जमीनच ओली आसा. मी पाणी घालूक नाय कधी."

"जमीन काय आपोआप ओली होते, मावशी?" अध्यक्ष माइकवरूनच म्हणाले. "उगाच बोलायला लावू नका. याला पाणीचोरी म्हणतात. आणि चोराला चोर म्हणायला आम्ही घाबरत नाही."

टॉवरवाले हसले याचं मला एवढं वाटलं नाही. आमची माणसं खाली बघत होती. ज्यांच्या बाळंतपणात आईने रात्री काढल्या, ती माणसं. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, जाऊ दे ना आता, सोडा." सोडा म्हणजे काय सोडा? चोरी सोडा? मी वळून बघितलं, पण बोलणारा सापडला नाही. आई खाली बसली आणि पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी माळ्याने अळू मुळासकट उपटलं. दोडक्याचा वेलही गेला. आई खिडकीतून बघत होती. त्यानंतर ती खाली जाईनाशी झाली. संध्याकाळी बाकावर बसायची, ते बंद. दूध आणायला मी जायला लागले, कारण वाटेत कुणीतरी पोरगं 'पाणीवाली आजी' म्हणालं होतं, हसत, सहज. तिच्या मनाला ते फार लागलं. ती जेवायची, बोलायची, देवाला दिवा लावायची, पण घरात असून नसल्यासारखी. मला माझी आई परत हवी होती. आणि तिच्या अपमानाच्या बदल्यात मला त्या माणसाचं नाकही हवं होतं, जमिनीला घासलेलं. दोन्ही. एकावर भागणार नव्हतं.

अळू उपटल्यावर काही दिवसांनी एका सकाळी आई अचानक खाली गेली. गावाहून आलेला एक असोला नारळ, म्हणजे न सोललेला, साल तशीच असलेला, तिने बरोबर घेतला. पट्टीत जिथे अळू होतं तिथे हाताने माती उकरली, नारळ अर्धा मातीत बसवला, वर हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात पानसुपारी ठेवली. मग हात जोडून डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. माळी झारी घेऊन उभा होता, तो तसाच थिजला. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. आपल्यावर अन्याय झाला की देवाला साक्षी ठेवून त्याच्यापुढे फिर्याद मांडायची आणि त्यालाच सांगायचं, बा म्हाराजा, काय तो निवाडा तूच कर. मग खोटं कुणी बोललं असेल त्याने आपलं बघून घ्यावं.

बातमी दुपारपर्यंत टॉवरच्या शेवटच्या मजल्यावर पोचली. झाडूवाली त्या नारळाला वळसा घालून झाडू लागली. माळ्याने तिकडे जाणंच सोडलं. टॉवरमधल्या शिकल्यासवरल्या लोकांनी आधी थट्टा केली, मग मुलांना सांगितलं की तिकडे खेळायला जायचं नाही. अध्यक्षांनी तो नारळ उचलून फेकायला हवा होता. ते एकदा तिथवर आलेही. मी खिडकीतून बघत होते. कंबरेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले, मोबाइल काढला, कुणाचा फोन आल्यासारखं केलं आणि निघून गेले. देवगडचं पाणी होतं ते. टॉवरच्या कितव्याही मजल्यावर जा, ते कुठे जातंय?

मी मात्र देवावर सोडणाऱ्यांतली नाही. मी माझ्या पद्धतीने मागे लागले. जमिनीखाली फुटलेल्या पाइपांचे दावे मी ऑफिसात पुष्कळ बघितले होते, त्यामुळे पहिला प्रश्न ठाऊक होता. पाणी किती गेलं हे नंतर. आधी बघायचं, पाणी कधी गेलं.

स्विमिंग पूलची पंपखोली आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे. सकाळी पंप सुरू झाला की ओट्यावरची भांडी बारीक किणकिणतात, आणि संध्याकाळी तो बंद झाला की कुकरची शिट्टीही मोठी वाटते. इतके दिवस हा आवाज मी फक्त सहन केला होता. आता ऐकायला लागले. पूलच्या भिंतीला निळ्या टाइल्सची एक उभी ओळ आहे, तिच्यावरून पातळी खिडकीतून स्पष्ट दिसते. उन्हाने किती पाणी आटतं ते बघायला मी आमच्या गॅलरीत एक बादली काठोकाठ भरून ठेवली. बादली दिवसभरात नखभर उतरायची. पूल जवळजवळ टाइलभर उतरायचा. म्हणजे पाणी ऊन पीत नव्हतं.

मग सोमवार आला. सोमवारी पूल बंद असतो, सफाईवाला जाळी फिरवून जातो आणि पंप दिवसभर मुका. त्या दिवशी पातळी हललीच नाही. सकाळी ज्या टाइलला पाणी होतं, संध्याकाळीही त्याच टाइलला. पुढच्या सोमवारीही तसंच. म्हणजे आमचा चोर सोमवारची सुट्टी घेत होता. आई तर सोमवारीही घरीच होती.

तिथे मला सगळं उलगडलं, आणि खरं सांगायचं तर एवढा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. भिंतीला किंवा तळाला तडा गेला असता तर पाणी दिवसरात्र सारखंच गळलं असतं. पंप एका पाइपातून पाणी ओढतो, गाळतो, आणि दुसऱ्या पाइपातून जोराने परत ढकलतो. ओढणारा पाइप फुटला की पंप पाण्याबरोबर हवाही गिळतो, आणि मग पाणी परत येतं तिथे बुडबुडे उठतात. बुडबुडे कधी दिसले नाहीत. ढकलणारा फुटला की पंप चालू आहे तोवर पाणी जमिनीत घुसत राहतं. पंप थांबला, जोर गेला, गळती थांबली. रात्री झोपणारा चोर तो पंपच होता. आणि कुठंतरी पाणी मुरतंय हे अध्यक्षांच्या तोंडून निघालेलं एकमेव खरं वाक्य होतं, शब्दशः खरं. ते आमच्या आईच्या अळवात मुरत होतं.

अळू उपटूनही पूल उतरतच होता, म्हणून तोवर टॉवरवाल्यांनीही पाइप तपासायला लॉन खणायचं ठरवलं होतं. मी धावत आईकडे गेले. "आई, पाइप फुटलाय. तुझ्या नारळाच्या आसपासच. मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "गप रव," ती म्हणाली. "खणू देत तेंका."

मला वाटलं, देवाच्या कामात आपण हात घालू नये असं तिचं म्हणणं असेल. मला काय, तेच हवं होतं. मी गप राहिले.

त्यांनी खणायला सुरुवात केली ती बिल्डरच्या नकाशाप्रमाणे. नकाशात पाइप पंपखोलीपासून लॉनखालून सरळ गेलेला. प्रत्यक्षात लॉनखाली कातळ आहे, हे चाळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तो फोडत बसण्यापेक्षा बिल्डरच्या माणसांनी पाइप भिंतीकडेने, आमच्या पट्टीतून फिरवून नेला होता. काम चालू असताना आम्ही सगळ्यांनी ते बघितलं होतं. पण आम्हाला विचारतो कोण? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. सगळं लॉन उखडलं, हाती लागला कातळ. मग कडेच्या महागड्या टाइल्स फोडल्या. स्विमिंग पूलभोवती दगडमातीचे ढीग लागले आणि टॉवरच्या पोरांना नाताळच्या सुट्टीत त्याच्याकडे नुसतं बघत बसावं लागलं. खिडकीतून. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची आणि प्रत्येक घाव ऐकायची. सुडाचा चहा गोड लागतो.

उन्हाळा लागला. सगळं आवार करपलं, पट्टीतला तो एक तुकडा तेवढा हिरवा राहिला. लोक म्हणाले, बाई पहाटे गुपचूप नारळाला पाणी घालते. जमीन ओली आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण तिच्याकडे नीट बघायची कुणाची तयारी नव्हती.

शेवटी त्यांनी गळती शोधणारा माणूस बाहेरून बोलावला. त्याने दोन्ही पाइपांची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एकेका पाइपात हवा भरली आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसला. ओढणाऱ्या पाइपाचा काटा जागचा हलला नाही. ढकलणाऱ्याचा खाली खाली येत गेला. मग तो कानाला हेडफोन लावून, जमिनीचा आवाज टिपणारी काठी टेकवत टेकवत पंपखोलीपासून निघाला. काठी लॉनकडे वळलीच नाही. भिंतीच्या कडेने आमच्या पट्टीत आली, आणि नारळापाशी थांबली.

"इथे," तो म्हणाला. "बरोब्बर याच्या खाली. हा नारळ उचला."

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. एक म्हणाला, "हम नहीं छुएंगे." गळतीवाल्यानेही दोन पावलं मागे घेतली. अध्यक्षांनी वर आमच्या खिडकीकडे बघितलं. मी बाजूला झाले नाही.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. चपला काढून, हातात मिठाईचा खोका घेऊन.

"मावशी, तो नारळ जरा काढून घ्याल का? पाइप तिथेच फुटलाय म्हणे."

"असां?" आई म्हणाली. "म्हणजे जमीन ओली होती?"

ते खोका पुढे करत म्हणाले, "सॉरी, मावशी. खरंच सॉरी."

"मी काढतंय. पण उद्या सकाळी. मीटिंगीक होती ती सगळी बोलव."

"त्याची काय गरज आहे? मी आत्ता म्हणतोय ना सॉरी."

"त्या दिवशी माइकवर तुमचा आवाज फार छान लागला होता," मी म्हणाले. "घरात तेवढा लागत नाही."

मिठाईचा खोका आईने ठेवून घेतला नाही.

सकाळी, रविवार होता, दोन्ही इमारती खाली उतरल्या. आईने लग्नाकार्याला नेसते ती जांभळी इरकल नेसली होती. कित्येक महिन्यांनी ती जिना उतरत होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिने झिडकारला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "थोडं मिसअंडरस्टँडिंग झालं होतं. सोसायटीतर्फे आम्ही रिग्रेट..."

"माका इंग्रजी कळणा नाय," आई म्हणाली.

"गैरसमज झाला होता, मावशी."

"कोणाचो?"

"सगळ्यांचाच म्हणजे..."

"सगळी बोलाक नाय. तू बोललंस."

ती वाकली, नारळावर हात ठेवला, आणि परत काढून घेतला. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला होता. त्या वेळी त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते त्यांनी ठरवून आणलेलं नव्हतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली भाषा होती ती, त्यांच्या आईची, आमच्या आईची.

"माझां चुकलां, काकी."

"काय चुकलां?"

"तुमका चोर म्हटलंय तां. तुम्ही पाणी चोरूक नाय."

"जोरान."

"तुम्ही पाणी चोरूक नाय," ते ओरडलेच. टॉवरच्या वरच्या गॅलरीपर्यंत गेलं असेल. मी आमच्या माणसांकडे बघितलं. ती पुन्हा खाली बघत होती. त्या दिवशी खाली बघितलं होतं त्याचं हे व्याज.

मग आईने नारळ उचलला, आणि तो उचलायला तिला दोन्ही हात लावावे लागले. रोजच्या पाण्यावर त्याला कोंब फुटला होता. टोकाशी हिरवीगार घट्ट मिटलेली पानं, आणि खाली मातीत रुतलेली पांढरी मुळं. एक बाई नकळत हात जोडून उभी राहिली. आईने मुळांची माती झटकली आणि तो नारळ अध्यक्षांच्या हातात ठेवला.

"ह्यो आता तुझो," ती म्हणाली. "तुझ्या दारात लाव. रोज पाणी घालीत रव. सुकलो तर माका सांगूक येव नको." आणि तिने वर आभाळाकडे बोट दाखवलं.

ते नाही म्हणू शकले नाहीत. मजुरांनी मग तिथेच खणलं. पाइपाचा सांधा उकललेला होता. खात्री करायला पंप चालू केला तर चिखलातून असा फवारा उडाला की गळतीवाला पार भिजला. पाइप जोडला, नळांना पाणी आलं. आई परत बाकावर बसायला लागली. ती आली की बाया सरकून तिला मधली जागा देतात.

अध्यक्षांची गॅलरी आमच्या खिडकीसमोरच आहे. तिथे आता एक निळा पिंप आहे आणि पिंपात नारळाचं झाड. रोज सकाळी ते तांब्या घेऊन येतात. बाहेरगावी गेले तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन जातात म्हणे, झाडाला पाणी घालायला. ज्या माणसाने आमच्या आईला पाण्यापायी चोर ठरवलं, तो तिच्या नारळाला पाणी घालतोय हे बघत मी पोहे खाते, आणि मला कसलीही लाज वाटत नाही.

परवा आई शेजारी उभी होती. मी सहज विचारलं, "गाऱ्हाण्यात तू नक्की काय सांगितलं होतंस गं देवाला?"

"खंयचां गाऱ्हाणां?"

"नारळ ठेवलास तेव्हा. किती वेळ ओठ हलत होते तुझे."

"नुसते ओठ हलयलंय," आई म्हणाली. "देवाक काय एक सांगूक नाय. तेका सांगितलां असतां तर तां तेचां काम झालां असतां. ह्यां माका माझ्याच हातान करूचां होतां."

समोरच्या गॅलरीत अध्यक्ष वाकले होते. पिंपात बोट घालून, माती ओली आहे की नाही ते बघत होते.